नानांची पिकअप सुधारली, ऐकलंत का!

अहो, ऐकलंत का? जरा इकडं या, ह्या शेवग्याच्या बाजूला. तिथून बोललं की नानांच्या ओट्यावर सगळं ऐकू जातं. तुम्ही लेकीकडं हडपसरला जाऊन बसलात आणि इथं केवढं महाभारत झालं! नानांची पिकअप नीट झाली. हो, तीच. कुणी केली, ओळखा बघू? छे, चाकणचे मेहुणे कुठली करतायत! अहो, मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी! बघा, तुमचाही चेहरा तस्साच झाला. ज्या मिस्त्रींशी ग्रामपंचायतीच्या इलेक्शनपासून नाना एक शब्द बोलत नव्हते, ज्यांच्या गॅरेजवरून जायला नको म्हणून गाडी पार शाळेला वळसा घालून काढायचे, त्याच मिस्त्रींच्या पुढ्यात नाना स्टुलावर बसले होते. हातावर हात ठेवून. मी स्वतः पाहिलं. दळण आणायच्या निमित्तानं गेले होते, दळण झालं नव्हतं म्हणून परत गेले, आणि मग पिशवी विसरले म्हणून…

पण असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

पिकअप कुठल्या पैशांची ते तुम्हाला माहीतच आहे. 2023 च्या जुलैत टोमॅटोनं आपल्या जुन्नर तालुक्यात काय उजेड पाडला होता! टीव्हीवाले बांधावर उभे, पेपरात फोटो. नानांचंही चांगलं साधलं. वहिनींना पाटल्या करायच्या होत्या. पाटल्या राहिल्या बाजूला आणि दारात ही सेकंडहँड पिकअप येऊन उभी राहिली. ओझरला नेली, विघ्नेश्वरापुढं नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, सगळं यथासांग. वहिनी हसून पेढे वाटत होत्या, पण मी काय आजची ओळखते का त्यांना? पेढा देताना मनगटाकडं बघत होत्या स्वतःच्या.

तर काय सांगत होते… हां, ते गाडीचं हलणं.

नानांचा थोरला पहाटेचा वाशीला निघालेला, मागं टोमॅटोची कॅरेटं टपापर्यंत रचलेली, शेजारी क्लीनर पोरगं. बायपासला रस्ता मोकळा, म्हणून गाडी 60 च्या जरा वर गेलेली. समोर पुलाचा जोड आला. डावं चाक त्या जोडावर धाडकन आपटलं मात्र, आणि हातातलं स्टीअरिंग सुटलं! म्हणजे निखळलं नाही हो, पण डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं, इतक्या जोरात की थोरल्याला धरताच येईना. आपण नारायणगावची माणसं, तमाशाची पंढरी म्हणतात आपल्या गावाला, नाचाचं आपल्याला काय कौतुक! पण त्या स्टीअरिंगनं जो फड लावला तो म्हणे बघवत नव्हता. डॅशबोर्डवरचा गणपती उडून क्लीनरच्या मांडीत पडला. थोरल्याचा अंगठा स्पोकमध्ये सापडून असा मुरगळला की हळदीचा लेप लावून फिरत होता बिचारा. आणि गंमत म्हणजे त्यानं अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी थांबेना. हळूहळू गाडी 30 च्या खाली आली, तेव्हा कुठं एकदम शांत. जसं काही झालंच नाही! खाली उतरून बघितलं तर चाकं जागेवर, नट आवळलेले, काही म्हणजे काही दिसेना. क्लीनर मात्र तिथूनच एसटीनं घरी परतला आणि त्याच्या आईनं त्याला पुन्हा पाठवलं नाही.

संध्याकाळी नानांच्या ओट्यावर सभा. आता आमचे हे. ह्यांची सगळी नोकरी एसटीत गेली हे खरं, पण गेली ती कॅशमध्ये! डेपोच्या वर्कशॉपमध्ये ह्यांनी कधी पाना हातात धरला असेल तर शपथ. पण एसटीतले म्हटलं की लोकांना वाटतं, ह्यांना इंजिनाचं सगळं कळतं, आणि ह्यांनीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "बॅलन्सिंग. दुसरं काही नाही." चाकणचे मेहुणे कंपनीत क्वालिटीला आहेत, ते म्हणाले, "अलाइनमेंट. कॉम्प्युटराइज्ड करा, गल्लीत नको." चुलतभाऊ म्हणाले, "स्टीअरिंग बॉक्स गेला, नवाच टाका." टायरच्या दुकानवाल्यांना तर ओट्यावर यायचीही गरज नव्हती, नाना टायर दाखवायला गेले आणि नवे टायर घेऊनच आले.

आणि नानांच्या आई, त्या बसल्या होत्या कोपऱ्यात लसूण सोलत. म्हणाल्या, "वंगण घालता का रे चाकाला?"

सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले. आई, ही काय बैलगाडी आहे का, असं नाना म्हणाले. आजी पुन्हा लसूण सोलायला लागल्या. हे वाक्य लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

तर बॅलन्सिंग झालं, रिमला शिशाचे तुकडे लागले. त्यानं काय झालं, जोरात जाताना जी बारीक थरथर असायची ती गेली. हे चार दिवस छाती काढून फिरत होते. पाचव्या दिवशी त्याच पुलावर पुन्हा तोच प्रकार! ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. जेवताना एक शब्द नाही, आमटीत मीठ नव्हतं तरी बोलले नाहीत. मग अलाइनमेंट. मेहुण्यांनी कागद छापून आणलेला, त्यावर सगळे आकडे हिरवे. ओट्यावर सगळ्यांना दाखवत होते. कागदावर हिरवं आणि बायपासवर थोरला पांढरा! मेहुण्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला तो पुन्हा काही बाहेर काढला नाही. नव्या टायरांनी मात्र बरेच दिवस बरं वाटलं. नाना म्हणायला लागले, बघा, टायरच होते. मग तेही ओढाताणीनं झिजायला लागले, कडेनं ओबडधोबड लाटा पडल्या रबरावर, आणि नाच पहिल्यापेक्षा जोरात.

मधल्या काळात आणखी एक प्रकरण झालं. हायवेवरच्या कुणीतरी डॅम्पर बसवून दिला. स्टीअरिंगच्या दांड्याला आडवा लावतात बघा, शॉकअब्सॉर्बरसारखा दिसतो. तो लावला आणि जादूच झाली हो! एकदम गप्प. नानांनी आमच्याकडं पेढे पाठवले. मी ठेवून दिले डब्यात, म्हटलं बघू. आणि खरंच, तो डॅम्पर आतल्या आत झिजून मऊ पडला, की पुन्हा सुरू.

माझा नातू, अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे ना, तो आला होता तेव्हाच. म्हणतो, "आजी, अमेरिकेत ह्यालाच डेथ वॉबल म्हणतात." मी म्हटलं, अरे, संध्याकाळच्या वेळी काय ही नावं घेतोस! पण मग सांगायला लागला तर मी काम सोडून ऐकत बसले. तिकडं फोर्डच्या मोठाल्या पिकअप असतात, एफ-250 आणि एफ-350. 2019 साली मालकांनी थेट कॅलिफोर्नियाच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला की हायवेवर खड्डा लागला की स्टीअरिंग असंच झोडपतं म्हणून. आणि ती जीप रँग्लर, तिच्या कंपनीनंही त्याच वर्षी गिऱ्हाइकांना डॅम्पर बदलून द्यायला घेतले. म्हणजे बघा, डॉलर मोजून घेतलेल्या गाड्यांचंही तेच आणि आपल्या नानांच्या सेकंडहँडचंही तेच! मला तर बाई बरंच वाटलं. वहिनींना जाऊन सांगितलं तर त्यांनाही जरा धीर आला. नानांना मात्र नाही आला. त्यांनी विचारलं, "कोर्टानं किती दिले?"

तर काय सांगत होते… हां, नातवानं कारण सांगितलं ते. म्हणाला, कारला पुढची दोन चाकं वेगवेगळी बांधलेली असतात. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. जनरल मोटर्सनं 1934 सालीच तशा गाड्या काढल्या आणि त्यामागं हे हलणं थांबवायचं हेही एक कारण होतं. पण नानांच्या पिकअपला पुढंही पाटे आणि दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर. डावं उचललं की एक्सल कलतो आणि उजवंही कलतं. आणि जोरात फिरणारं चाक कललं की ते आपोआप बाजूला वळायला बघतं. वळलं की रस्ता त्याला परत सरळ ढकलतो. सांधे घट्ट असले तर तिथंच संपतं. सैल असले तर चाक सरळ येऊन थांबत नाही, पलीकडं जातं, मग तिकडून परत, मग पुन्हा पलीकडं… आणि एका ठरावीक वेगाला प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. म्हणून तर नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून भागत नाही, वेग पुरता खाली यावा लागतो. बॅलन्सिंग काय, टायर काय, ती फक्त काडी लावणारी मंडळी. आग पकडणारं गवत म्हणजे तो सैलपणा. डॅम्पर म्हणजे वरून घोंगडं टाकलेलं.

मी विचारलं, "मग हे तू ओट्यावर का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "आजोबा तिथं बॅलन्सिंग सांगत होते ना." संस्कार हो, दुसरं काय.

आता खरी गोष्ट ऐका. हे सगळं सोडवलं कुणी? बायकांनी! पाटलीणबाईंकडं भिशी होती. वहिनी आल्या होत्या आणि मिस्त्रींच्या घरच्याही. दोघी कायम दोन टोकांना बसतात, एकीचा नंबर लागला तर दुसरी टाळी वाजवत नाही. त्या दिवशी वहिनींचा नंबर लागला. पाटलीणबाई म्हणाल्या, आता पाटल्या करा हो. आणि वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी! म्हणाल्या, "कसल्या पाटल्या, स्टीअरिंग बॉक्स आणायचाय म्हणे." सगळ्या गप्प. चहाचे कप तसेच हातात. आणि मिस्त्रींच्या घरच्या त्या टोकावरून म्हणाल्या, अगदी हळू, "बॉक्स नका आणू. आमचे हे कधीचे म्हणतायत, त्या गाडीचं डावं चाक वळताना वरून झुकतंय. गल्लीच्या तोंडाशी दिसतं त्यांना."

अहो, मी तिथंच होते! कधीचे म्हणतायत म्हणजे बघा. गाडी शाळेला वळसा घालून नेली तरी ह्या माणसाचं लक्ष होतंच. खोडदच्या दुर्बिणीच्या त्या 30 तबकड्यांना कुठल्या कुठल्या तारकांचं ऐकू येतं म्हणतात, आणि आपल्या ओट्यावरच्या शहाण्यांना दारातल्या गाडीचं ऐकू येईना!

वहिनींनी विचारलं, "मग बघतील का?" त्या म्हणाल्या, "बघायला काय, बघतील. पण नानांनी यायला पाहिजे." इथं गाडी अडली ना! नाना जाणार? ते मेले तरी जाणार नाहीत. वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मासवडी केली. तुम्हाला माहीत आहे त्यांची मासवडी, आत खोबऱ्या-तिळाचं सारण, वरून तो लालभडक रस्सा. डबा थोरल्याच्या हाती मिस्त्रींकडं. संध्याकाळी डबा परत आला, आत साखर. म्हणजे होकार. आणि मग वहिनींनी नानांना जेवायला वाढताना सांगितलं की उद्या गाडी मिस्त्रींकडं जाणार, तुम्ही आलात तर या, नाहीतर मी जाते थोरल्याबरोबर. नानांचा घास हातातच राहिला म्हणे. आजी म्हणाल्या, "जा रे, बाईमाणूस एकटं गॅरेजात बरं दिसतं का?" झालं! आजींनीच पायघडी घातली, नाना निघाले.

तर तो सीन. मी दळणाला निघाले होते.

मिस्त्रींनी आधी गाडीला हातच लावला नाही. थोरल्याला विचारत बसले. सपाट रस्त्यावर होतं की दणका बसल्यावरच? ब्रेक मारल्यावर होतं का? किती वेगाला सुरू होतं, किती वेगाला थांबतं? अहो, इतके दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं त्याला! नुसत्या ब्रेकलाच हललं असतं तर ड्रम बघायचे, सपाट रस्त्यावर वेगात बारीक थरथर असती तर बॅलन्सिंग. पण दणक्यानंतर सुरू होऊन सावकाश झाल्याशिवाय थांबत नाही म्हणजे कुठंतरी ढिलं आहे, खाली जाऊन शोधायचं. पाच मिनिटं नुसती चौकशी. आमच्या ह्यांनाही दाखवायला आणायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

मग मागच्या चाकांना दगड लावले, गाडी चालू ठेवली आणि वहिनींना म्हणाले, "बसा स्टीअरिंगवर. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, थांबू नका. चाक पुरतं वळवायचं नाही." वहिनी! त्या कधी पुढच्या सीटवर उजव्या बाजूला बसल्या असतील का? पण बसल्या, पदर खोचून. मिस्त्री खाली सरपटत गेले आणि एकेका सांध्यावर नुसतं बोट ठेवायचे. दांडा आणि त्याला धरणारा भाग एकाच वेळी हलले तर ठीक, एक आधी आणि दुसरा मागून हलला तर तो सांधा गेला. स्टीअरिंगच्या ड्रॅगलिंक दांड्याच्या पुढच्या टोकाशी थांबले. थोरल्याला खाली बोलावलं, त्याचं बोट धरून तिथं ठेवलं. थोरला म्हणाला, "अहो, हे तर उडतंय!"

मग जॅक, आणि जॅकवर विसंबायचं नाही म्हणून खाली घोडी. डावं चाक अधांतरी. मिस्त्रींनी एक हात टायरच्या वर आणि एक खाली धरला, घड्याळात 12 आणि 6 असतात तिथं, आणि हलवलं. टक. पुन्हा, टक. मला कुंपणापाशी ऐकू आलं हो! नाना स्टुलावरून उठले. "बेअरिंग?" म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, ब्रेक दाबून धरा." वहिनींनी दाबला. हे मला नातवानं नंतर समजावलं. ब्रेक दाबला की हब आणि त्यामागची थाळी एक होतात, म्हणजे बेअरिंग ढिलं असेल तर आवाज बंद व्हायला पाहिजे. मिस्त्रींनी चाक हलवलं. टक.

"किंगपिन," मिस्त्री म्हणाले. बास, एकच शब्द.

नंतर पिन बाहेर काढली तेव्हा मी हातात घेऊन बघितली, खोटं नाही सांगत. अंगठ्याहून जाड पोलादी खिळा असतो, त्याच्याभोवती चाक डावी-उजवीकडं वळतं. एका अंगानं झिजून पायरी पडलेली, नखाला लागत होती. आणि पितळी बुश तर एका बाजूनं कागदासारखं पातळ. कोरडं ठाक! ग्रीसचा थेंब नाही. मिस्त्रींनी पुसून निपल दाखवलं, जिथून ग्रीसगननं ग्रीस भरतात ते. मातीनं बुजून दगड झालेलं. विचारलं, "नाना, ग्रीसिंग कधी केलं?"

नाना म्हणाले, "सर्व्हिसिंगला टाकतोच की दर महिन्याला. ते वॉशिंगवाले चोर आहेत, पैसे घेतात आणि काम करत नाहीत."

आणि वहिनी, अजून स्टीअरिंगवरच बसलेल्या, ब्रेकवर पाय, तिथून म्हणाल्या, "तुम्हीच नाही का सांगता त्यांना, ग्रीस नको, नुसतं पाणी मारा म्हणून?"

अहो! शांतता. नुसती शांतता! गॅरेजातलं पोरगं पाना घेऊन उभं होतं, ते दुसरीकडं बघायला लागलं. नानांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला, परत काढला. आणि मिस्त्री, इतका मोठा मौका, इलेक्शनचं सगळं उट्टं निघालं असतं, पण एक अक्षर बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "दुसरं चाक बघू." मी तर त्या क्षणाला त्या माणसाला मत देऊन टाकलं.

बाकीचं मग भराभर निघालं. पुढच्या पाट्यांच्या शॅकलचे रबर बुश फाटलेले, टॉमी घालून उचकटलं की लोखंडाला लोखंड लागत होतं. एक यू-बोल्ट सैल, त्याच्याभोवती गंजाची लाल रेघ. आणि मागचे पाटे बसून सपाट झालेले. मिस्त्रींनी विचारलं, कॅरेटं किती भरता? त्यावर पण नाना काही बोलले नाहीत, थोरल्यानं सांगितलं आणि नानांनी त्याच्याकडं असं बघितलं… मागं फार वजन पडलं की गाडीची शेपटी बसते आणि नाक वर होतं. त्यानं किंगपिनचा तिरकेपणा वाढतो, चाक सरळ व्हायची जास्तच घाई करतं आणि सैल सांध्यांत ते नाचायला मोकळं. म्हणजे जेव्हा गाडी भरलेली, तेव्हाच जास्त हलायचं. रिकामी ट्रायल घेणाऱ्यांना काही सापडत नव्हतं ते म्हणूनच हो! मेहुणे रिकामीच घेऊन गेले होते.

किंगपिन दोन्ही बाजूंच्या बदलल्या. एकाच बाजूची बदला म्हणत होते नाना, मिस्त्री म्हणाले तशी मी करत नाही. नवे बुश ठोकून बसवले की आतून जरा आवळतात, म्हणून लेथवाल्याकडं नेऊन रीमर फिरवला, पिन हाताच्या दाबानं सरकेल इतकाच. ड्रॅगलिंकची टोकं नवी, शॅकलचे बुश नवे, यू-बोल्ट आवळले आणि सांगितलं की भरलेली गाडी एकदा वाशीला जाऊन आली की परत आणा, पुन्हा आवळायचे, कारण नवं सगळं बसताना थोडं ढिलं होतंच. हबचं बेअरिंग चाक फिरवत फिरवत सेट केलं. आणि ग्रीस! ते भरतानाही चाकं उचललेलीच ठेवली, कारण वजन असलं की पिन एका बाजूला दाबलेली राहते आणि ग्रीस तिकडं पोचतच नाही. मग अलाइनमेंट, पण कसली कॉम्प्युटराइज्ड, दोन्ही पुढच्या टायरांवर खडूची रेघ मारली, पुढून टेपनं मोजलं, गाडी चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी ढकलली, त्याच रेघा मागून मोजल्या. पुढचं माप 2-3 मिलिमीटर कमी पाहिजे. तितकंच होईपर्यंत टायरॉड फिरवत बसले. आणि बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी! हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, तुमचंही केलं हो त्यांनी. हे म्हणाले, "मी काय चुकीचं सांगितलं होतं?" आता ह्यावर काय बोलणार!

मिस्त्रींनी थोरल्याला एक चांगलं सांगितलं. पुन्हा कधी कुठल्याही गाडीचं असं झालं तर स्टीअरिंगशी कुस्ती खेळायची नाही. अंगठे आतून काढायचे, हात बाहेरून घट्ट, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक हळूहळू, मागचं बघून कडेला. एकदम करकचून ब्रेक मारला तर वजन पुढं येतं आणि आणखी उधळतं. थोरल्यानं अंगठा चोळत मान हलवली.

ट्रायलला गाडी भरून नेली, रिकामी नाही. त्याच पुलावर. मिस्त्री स्वतः चालवत होते, नाना मध्ये आणि वहिनी खिडकीशी. हो, वहिनी म्हणाल्या मी येणारच. जोड आला, धाड वाजलं आणि पुढं काही नाही. स्टीअरिंग जागच्या जागी. वहिनी सांगत होत्या, परतीच्या वाटेवर नाना आणि मिस्त्री दोघं टोमॅटोच्या भावावर बोलत होते. इलेक्शननंतर पहिल्यांदा!

पण थांबा, खरी मजा पुढंच आहे. बिल. मिस्त्रींनी बिल दिलं आणि नानांनी वाचलं, आणि चेहरा असा झाला… खाली एक जास्तीची ओळ होती. ट्रॅक्टरची क्लचप्लेट, मागील बाकी. म्हणजे कळलं का तुम्हाला? इलेक्शन वगैरे सगळं सांगायचं. नाना शाळेला वळसा घालत होते ते त्या उधारीपायी! आणि मिस्त्रींनी सोडली नाही हो, मासवडी खाऊनही नाही सोडली. नानांनी मोजून दिले, तिथंच, सगळ्यांसमोर. तरी सगळं मिळून त्या नव्या टायरांच्या निम्म्यातही नाही गेलं, वहिनींनी हिशोब केलाय. भिशीचे पैसे आता त्यांच्याच कपाटात आहेत, किल्लीही त्यांच्याच कमरेला.

आजींना कुणीतरी सांगितलं की वंगणच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?"

आणि हो, विसरतच होते. तुमच्या भाच्याची पिकअप पण 60 ला हलते म्हणत होतात ना तुम्ही? मग तो टायर घ्यायला निघालाय म्हणे जुन्नरला. त्याला आजच फोन लावा. टायर नंतर घे म्हणावं, आधी चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघ, आणि कुणाला तरी ब्रेकवर बसव.